पाय पाहून अंथरूण

जीपगाडीत पायांखाली काय अंथरावे, हा काही दिवाळी अंकात लिहिण्याजोगा विषय नव्हे, असे आमच्या घरात माझ्याखेरीज सर्वांचे मत आहे. चकलीचा तुकडा मोडत अंक चाळणाऱ्या माणसाला चार घटका करमणूक हवी असते. त्याच्यापुढे रबर, काथ्या आणि गंजका पत्रा कशाला मांडायचा, असे आमच्या सौभाग्यवतींनी मला स्वच्छ विचारले. त्यांचे म्हणणे रास्त आहे. पण गेले चार महिने मी दुसऱ्या कशाचा फारसा विचारच केलेला नाही. एरवी वर्तमानपत्र आणि शेवग्याचे झाड यांत दिवस घालवणारा हा निवृत्त मास्तर एकाएकी मोटारीच्या तळाशी का जाऊन बसला, याचे घरात सर्वांना नवल वाटते. त्याचे कारण मी अजून सांगितलेले नाही. ते ओघाने येईल.

गाडी आमच्या मामांची. मामांनी ती १९६७ साली घेतली. महिंद्राची, उंच नाकाची, वर टप नि बाजूंना काहीच नाही अशी. दाणोलीच्या अलीकडे आमचे घर आहे. तेथून पुढे आंबोलीचा घाट सुरू होतो. मामा हिच्यातून नारळ, सुपारी, शेणखत, वऱ्हाडी आणि प्रसंगी बाळंतीण असे सर्व काही वाहून नेत. मामा गेल्यावर गाडी बरीच वर्षे पडवीत उभी होती. कोंबड्यांना ती फार आवडे. मग माझी लेक गुरांची डॉक्टर होऊन आली, आणि चौकुळ-गेळ्याकडच्या वाड्यांवर जायला मोटारसायकल पुरत नाही म्हणून तिने मामाआजोबांची जीप बाहेर काढली. सलाईनच्या बाटल्या, औषधांची पेटी, दोरखंड, गमबूट आणि एखादे वेळी आजारी वासरू. एवढा संसार दुसऱ्या कशात मावणार?

आता या गाडीच्या तळाविषयी थोडे सांगितले पाहिजे. जीप ही मुळात लढाईची गाडी. दुसऱ्या महायुद्धात विलीज आणि फोर्ड या दोन कारखान्यांनी मिळून सहा लाखांहून अधिक जीपा काढल्या, आणि त्यांतल्या एकीतही गालिचा नव्हता. नुसता पत्रा. शिपाई चिखलातून येणार, चिखलातच उतरणार. त्याच्या बुटाखाली मऊ मऊ कोण घालतो? उलट त्या पत्र्याला पाणी सोडायला भोके ठेवली होती आणि त्यांवर झाकणे होती. आत पाणी येणारच, हे ज्याने गाडी आखली त्याने मुळातच मान्य केले होते. १९४७ साली मुंबईत महिंद्रांनी या गाड्यांची जुळणी सुरू केली तेव्हा हा साधेपणाही त्यांच्याबरोबर आला. मामांच्या जीपमध्ये क्लच आणि ब्रेक यांची पेडले सध्याच्या मोटारींसारखी वरून लोंबत नाहीत; ती तळाच्या पत्र्यातून, खाचांतून वर येतात. हेडलाइटचा झोत वर-खाली करायचे बटणही पायाशी, डाव्या बाजूला. मधोमध गिअरचे तीन दांडे. ड्रायव्हरच्या बैठकीखाली खुद्द पेट्रोलची टाकी. म्हणजे पाय ठेवायला मोकळी जागा किती, तर देवघरातल्या पाटाएवढी. आणि त्या पाटाभर जागेत माणसाचा जीव ज्यांच्यावर अवलंबून असतो अशा निम्म्या वस्तू.

अशा ठिकाणी अंथरायचेच कशाला, असे कोणीही विचारील. मीही विचारले. लेक म्हणाली, "बाबा, ओल्या पत्र्यावर गमबूट घालून उभं राहून बघा." मी पाहिले. नारळाच्या झाडावरून शेवाळी आलेल्या चौथऱ्यावर उतरावे, तसा पाय गेला. टाच टेकलेली असली पाहिजे, टाच स्थिर असेल तरच पुढचा पाऊल-पंजा पेडलावर मोजका भार देऊ शकतो. हे मला त्या दिवशी कळले. शिवाय खालून इंजिनाची आणि धुराच्या नळीची धग येते, खडी उडून पत्र्यावर ताडताड वाजते. तेव्हा अंथरायचे हे ठरले. काय, एवढाच प्रश्न उरला.

मामांच्या काळी या प्रश्नाला एकच उत्तर होते: गोणपाट. तांदळाचे रिकामे पोते दुमडून घातले की झाले. गोणपाटाला पायाची पकड चांगली येते, पैसा पडत नाही, आणि वासरू घाबरून घाण करील तर उचलून फेकून देता येते. पण त्याच्यासारखा पाणी धरून ठेवणारा पदार्थ दुसरा नाही. पोळलेल्या जागेवर पोटीस बांधावे, तसे ओले पोते चार महिने पत्र्याला चिकटून राहते. वरून वाळल्यासारखे दिसते, पोटात ओल तशीच. लोखंड, पाणी आणि हवा ही तिन्ही एकत्र आली की गंज चढतो, हे मी पस्तीस वर्षे पोरांना फळ्यावर शिकवले. पण त्याचा खरा प्रयोग मामांनी पोत्याखाली मांडून ठेवला होता. लेकीने गाडी बाहेर काढली तेव्हा ते पोते उचलले, तर खालचा पत्राही त्याच्याबरोबर पापुद्र्यासारखा वर आला. भोकातून अंगणातली तुळस दिसत होती! नवा पत्रा वेल्डिंग करून बसवायला मिस्त्रीला तीन दिवस लागले.

गोणपाटानंतर स्वाभाविकच काथ्याची आठवण झाली. आम्ही नारळाच्या मुलखातली माणसे. वेंगुर्ल्याच्या बाजूला बायका काथ्याची किती सुरेख पायपुसणी करतात! सोडण महिनोन्महिने पाण्यात कुजवून जो धागा निघतो, तो पाण्याला भिऊन कसा चालेल? धागा खरोखरच टिकतो. पण पायपुसण्याचा धर्म मुळी चिखल पकडून ठेवण्याचा. दाराशी तो गुण, जीपमध्ये तोच अवगुण. आंबोलीला वर्षाकाठी सरासरी सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. त्या पावसाने भिजलेली तांबडी माती काथ्याच्या केसांत एकदा शिरली, की पंधरा दिवसांत पायांखाली शेताचा बांध तयार होतो. बी पेरले तर उगवेल. सतरंजी आणि कार्पेट यांचा तर विचारही नको. ज्या गाडीला दारे नाहीत तिच्यात कार्पेट घालणे म्हणजे न्हाणीघरात गादी घालणे.

राहता राहिले रबर. इथे मात्र माणूस फसतो, कारण रबर म्हटले की प्रश्न सुटला असे वाटते. लेकीने जिल्ह्याच्या ठिकाणच्या एका दुकानातून एक छान जाड, काळी, नक्षीदार मॅट आणली. "सगळ्या जीपगाड्यांना बसते," असे दुकानदाराने सांगितले होते. सगळ्यांना बसणारी टोपी कोणाच्याच डोक्यावर नीट बसत नाही, हे कोणीही सांगेल; पण मॅट डोक्यावर घालायची नसल्यामुळे ही गोष्ट कोणाच्या ध्यानात येत नाही. ती मॅट दिसायला उत्तम होती. पाणी शोषत नव्हती. धुतली की झळझळीत. आमच्या सौभाग्यवतींनी तर तशीच एक मोरीसाठी मागितली.

आता ते कारण.

जूनमध्ये, मृग नुकताच लागला होता, लेक गेळ्याहून एका म्हशीचे अडलेले वेत सोडवून परत येत होती. घाट उतरताना धुके, रस्त्यावर पाणी, आणि पायांत शेणामातीने भरलेले गमबूट. एका वळणाआधी तिने ब्रेक दाबला, आणि पेडल अर्ध्यावरच जाऊन थांबले. टणक, दगडावर पाय ठेवावा तसे. ती मॅट प्रत्येक वेळी पाय दाबताना तसू तसू पुढे सरकत होती. वर आलेली तिची जाड कड पेडलाच्या मागे जाऊन बसली होती. वर ओले रबर, खाली ओला पत्रा. त्यांच्यामधले पाणी हेच वंगण. लेकीने दुसऱ्या गिअरमधून पहिल्यात गाडी ओढली, हँडब्रेक खेचला (या जीपचा हँडब्रेक चाकांवर नव्हे, मागच्या चाकांना फिरवणाऱ्या दांड्यावर पकड घेतो, त्यामुळे गाडी जोराचा हिसका देते), आणि डाव्या अंगाला डोंगराच्या बाजूच्या गटारात चाके घातली. उजव्या अंगाला काय होते, ते तो घाट ज्यांनी पाहिला आहे त्यांना सांगायला नको.

तिने घरी काही सांगितले नाही. गाडीचा मडगार्ड दबला होता तो मिस्त्रीकडून सरळ करून घेतला. मला चार दिवसांनी मिस्त्रीनेच सांगितले, तेही मी गावठी अंडी आणायला त्याच्याकडे गेलो होतो म्हणून. घरी येऊन मी लेकीकडे पाहिले. ती अंगणात एका कुत्र्याच्या कानात औषध घालत होती. "बाबा, काय झालं?" तिने विचारले. "काही नाही," मी म्हणालो, आणि गाडीपाशी जाऊन ती मॅट उचलून काढली. आम्ही दोघेही त्यावर पुढे कधी बोललो नाही. तिच्या आईला हे या अंकातूनच कळेल. अंक घरी येईल त्या दिवशी मी बाजारात जायचे ठरवले आहे.

त्यानंतर मी या विषयात शिरलो. आणि मला आढळले की हे आमच्याच घाटातले दुखणे नव्हे. २००९ सालच्या ऑगस्टमध्ये अमेरिकेत, कॅलिफोर्नियातल्या सॅन डिएगोजवळ, टोयोटा कंपनीची लेक्सस नावाची उंची मोटार अनावर होऊन एका कुटुंबातली चार माणसे गेली. त्या गाडीत दुसऱ्याच एका मॉडेलची रबरी मॅट घातलेली होती, ती आकड्यांना अडकवलेली नव्हती, आणि ॲक्सिलरेटरचे पेडल तिच्यात अडकून राहिले होते. त्यानंतर कंपनीने सुमारे अडतीस लाख गाड्यांच्या मालकांना सांगितले की ड्रायव्हरच्या पायाखालची मॅट आधी काढून ठेवा. अडतीस लाख गाड्या, आणि कारण काय, तर पायपुसणे! आमच्या घाटातली साठीला टेकलेली जीप आणि ती लाखमोलाची मोटार यांत साम्य एवढेच की दोहोंमध्ये पाय एकाच जातीचे होते.

मी मिस्त्रीकडे जाऊन बसू लागलो. मिस्त्री माझा जुना विद्यार्थी. सातवीत गणितात कच्चा होता, पण हाताने अचूक मोजतो. मी त्याला पाणी आत येऊ नये म्हणून कड उंच असलेली, ताटासारखी मॅट करता येईल का, असे विचारले. तो हसला. "मास्तरांनू, पाणी येतला. येवंदे. पण तेका जावक वाट व्हयी." लढाईच्या जीपला भोके ठेवणाऱ्या इंजिनिअराने जे म्हटले असेल, तेच याने मालवणीत म्हटले. मग आम्ही जाड पण लवचीक, आरपार भोके असलेली रबराची शीट घेतली, गोठ्यात गुरांखाली घालतात त्या जातीची. पाणी नि चिखल खाली गळतो, वर टाचेला कोरडी पकड मिळते. तळाच्या पत्र्याला आधी गंजरोधक रंगाचे दोन हात दिले. ड्रायव्हरच्या पायाशी पाणी सोडायचे भोक आहे, त्याच्यावर मॅटचे भोक येईल असे पाहिले.

मग माप. मिस्त्रीने वर्तमानपत्राचा कागद तळावर पसरला आणि शिंपी जसा कापड बेततो तसा पेडलांभोवती, गिअरच्या दांड्यांभोवती, टाकीच्या कडेपर्यंत बेतला. येथे माझी एक हौस आडवी आली. मला वाटे, मॅट थेट पुढच्या तिरक्या पत्र्यावर चढवावी, म्हणजे पूर्ण झाकले जाईल. मिस्त्रीने कागद पेडलांच्या अलीकडे चार बोटांवरच कापला. टाच जिथे टेकते तिथवर मॅट. पेडल जिथे येऊन टेकते तिथे काही नाही. मला ते उघडे, अर्धवट दिसले. त्याने एकेक पेडल हाताने तळापर्यंत दाबून दाखवले आणि प्रत्येकाखाली आपला हात आडवा घालून पाहिला. मॅट हाताने जितकी पुढे ढकलता येईल तितकी ढकलून पुन्हा तेच. लोक मॅट घातल्यावर ती सुबक दिसते का ते पाहतात. पाहायचे ते हे.

आणि सर्वांत मोठा वाद झाला तो बांधण्यावरून. चिकटपट्टी एका पावसात सुटते. झोंबणाऱ्या पट्ट्या, ज्या हल्ली चपलांना असतात, त्यांच्या केसांत माती भरली की त्यांचे झोंबणे संपते. माझ्या भाच्याने फोनवरून सुचवले की चार स्क्रू मारून टाका. तळाला नवे भोक म्हणजे गंजाला नवे दार, हा एक मुद्दा. दुसरा असा की या गाडीत त्याच पत्र्याखालून ब्रेकच्या तेलाची नळी नि वायरी गेलेल्या असतात, आणि ब्रेक वाचवण्यासाठी ब्रेकच्याच नळीत स्क्रू मारणे हा विनोद मला परवडणारा नव्हता. गाडीत आधीच असलेले बोल्ट वापरायचे ठरले. बैठकीच्या पायांचे दोन बोल्ट आणि गिअरवरच्या झाकणपत्र्याचा एक. ताडपत्रीला असतात तसल्या पितळी रिंगा मॅटच्या मागच्या कडेला ठोकल्या आणि त्यांतून पट्ट्या ओवून मागे बोल्टांना, मोठे वायसर घालून, आवळल्या.

मागेच का, असे मी विचारले. कारण सरकते ती पुढची कड. उत्तर मिस्त्रीने दिले नाही, तेवढ्यात गाडी न्यायला आलेल्या लेकीने दिले. "बाबा, बैल पुढे ओढतो ना? मग दावं मागच्या खुंट्याला." पाय मॅटला सदैव पुढे रेटतो, पुढून बांधली तर ती गोळा होऊन फुगणार, मागून बांधली तर ताणून सपाट राहणार. पस्तीस वर्षे विज्ञान शिकवणाऱ्याला हे गोठ्यातून कळले, याचे मला वाईट वाटले नाही. तीन पट्ट्यांना तीन बकले लावली, म्हणजे आठवड्यातून एकदा सोडून मॅट विहिरीच्या कठड्यावर वाळत टाकता येते आणि खालचा पत्रा पुसता येतो. हे आठवड्याचे काम मी माझ्याकडे घेतले आहे.

शेजारच्या बाजूच्या मॅटला पेडलांची भीती नाही, म्हणून ती बांधायची नाही असे कोणी समजू नये. उघड्या गाडीत वारा खालून शिरतो. रिकाम्या बाजूची मॅट सुपासारखी उचलली जाते आणि ड्रायव्हरच्या गुडघ्यावर येऊन आपटते. मागची तर थेट रस्त्यावर जाते, आणि मागून येणाऱ्या मोटारसायकलवाल्याच्या तोंडावर ती जाऊ नये एवढीच प्रार्थना करायची. तेव्हा त्याही बांधल्या. एकीवर दुसरी मात्र कधीही घातली नाही. आमच्या सौभाग्यवतींनी रबराच्या मॅटवर जुन्या साडीची एक गोधडी अंथरली होती, मायेने, लेकीचे पाय गारठू नयेत म्हणून. मी ती रात्री हळूच काढून कुत्र्याला घातली. कुत्र्याचे पाय आता गारठत नाहीत.

गणपतीत भाचा पुण्याहून त्याची नवी थार घेऊन आला. कापडी टपाची, ऐटबाज. २०२० साली आलेल्या या नव्या थारला तळ धुऊन काढता येईल अशी सोय आहे आणि पाणी सोडायला चक्क बुचे आहेत. मला अगदी भरून आले. ऐंशी वर्षांपूर्वीचे ते शिपायाचे भोक इतका प्रवास करून पुन्हा आपल्या दारी आले! पण भाच्याने त्या बुचांवर बाहेरून घेतलेला, चामड्यासारख्या दिसणाऱ्या रेक्झिनचा, आतून फोम भरलेला, सोनेरी टाक्यांचा जाड साज चढवला होता. त्याला 'सेव्हन-डी' म्हणतात. सातही मिती मी शोधल्या; मला पाणी मुरण्याची एकच सापडली. मी एक कोपरा उचलून खाली हात घातला, तो बोटे ओली झाली. भाचा म्हणाला, "मामा, आतून किती रॉयल वाटतं बघा ना." वाटते खरे. मी त्याला ॲक्सिलरेटर हाताने तळापर्यंत दाबायला सांगितला. पेडल फोमच्या कडेला घासत खाली गेले आणि वर यायला क्षणभर थबकले. भाचा दोनदा दाबून पाहत राहिला. काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ड्रायव्हरच्या बाजूचा तो साज आमच्या पडवीत कोंबड्यांच्या टोपलीवर होता, आणि भाचा मिस्त्रीचा पत्ता विचारत होता.

परवा पहाटे तीनला फोन आला. चौकुळला एक गाय अडली होती. पाऊस बारीक होता. लेक गमबूट चढवून पेटी मागे ठेवीपर्यंत मी बॅटरी घेऊन गाडीपाशी गेलो, पट्ट्या ओढून पाहिल्या, मॅट पुढे ढकलून पाहिली, तीनही पेडले हाताने दाबली. दारातून आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या, "अहो, गाय वाट बघतेय तिकडे. एवढ्या रात्री त्या रबरात काय बघताय?"

"ओलं आहे का ते," मी म्हणालो.

लेकीने माझ्याकडे पाहिले, बैठकीवर चढली, टाच मॅटवर टेकवून दोनदा फिरवली आणि किल्ली फिरवली.